ह्यांनी सांगितलेले सिनेमे

परवा नातीनं एक फोटो टाकला... मैत्रिणींबरोबर कुठलासा वेगळा सिनेमा, नंतर पिझ्झा आणि वाइन. खाली लिहिलं होतं, 'आजीच्या काळात हे कुठलं!' म्हणून मुद्दाम लिहायला बसले. बाई गं, हे सगळं मी सत्तरच्या दशकात सांगलीत केलंय. आणि ती संध्याकाळ मी नुसती जळत काढली होती.

मी शिराळ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा आमचे हे कॉलेजात शिकवायचे. घरात सासूबाई, दोन दीर, एक नणंद... नवरा-बायकोनं दिवसाउजेडी चार शब्द बोलायचे म्हणजे चहा झाला का आणि टॉवेल कुठंय, एवढेच.

पण ह्यांच्या कॉलेजात फिल्म सोसायटी होती. महिन्यातून एकदा लेक्चर हॉलच्या भिंतीवर पांढरा पडदा लावून परदेशी सिनेमे दाखवायचे. कॉलेजचं काम आहे असं सासूबाईंना सांगून हे मला घेऊन जायचे.

सिनेमाची भाषा भलतीच, खाली अक्षरं इंग्रजी. मी सातवी पास. मग हे माझ्या कानाशी वाकून सांगायचे, 'तो म्हणतोय, तू दिवसभर किती राबतेस, मला दिसतं गं'... कधी 'तो म्हणतोय, हा रंग तुला शोभतो.'

खरं सांगते, मला त्या गोऱ्या बायकांचा फार हेवा वाटायचा. काय एकेकीचे नवरे! बाकी त्यांचं दिसणं, कपडे, मोटारी... त्यातलं मला काही नको होतं. पण तरी ते कानाशी येणारं बोलणं महिनाभर पुरायचं.

आणि अशात चारू आली.

चारू ह्यांची पुण्यातली वर्गमैत्रीण. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत शिकवायची, सुट्टीला सांगलीत भावाकडे आली होती. बॉबकट, बिनबाह्यांचं ब्लाउज, आणि भर हॉलमध्ये 'ए मधू' म्हणून हाक! ज्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, त्यांना ती 'ए' म्हणत होती... माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बसताना हे मध्ये. डावीकडे चारू, उजवीकडे मी. आणि सिनेमाभर दोघांचं इंग्रजीत चाललेलं... कॅमेरा काय, उजेड काय. माझ्याकडे वाकायचं नावच नाही. पडद्यावर एक बाई रडत होती, का रडत होती कोण जाणे. मलाही रडावंसं वाटत होतं, आणि माझं कारण मला पक्कं ठाऊक होतं.

अगदी शेवटाकडे एकदाच माझ्याकडे वाकले. पडद्यावरचा दाढीवाला बायकोला काहीतरी सांगत होता. हे हळूच म्हणाले, 'तो म्हणतोय, ह्या वेळी तुला माहेरी नक्की पाठवतो, आईला मीच सांगतो.' तिकडच्या बायकांनाही सासूला विचारावं लागतं, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. पण एवढ्यावर राग जाणार थोडाच.

नंतर चारूच्या भावाकडे जेवण. तिथं तिनं पिझ्झा केला होता, शाळेतल्या मेट्रनकडून शिकलेला. आणि तासगावच्या काळ्या द्राक्षांची वाइन, चिनी मातीच्या बरणीत घातलेली. हे 'वा, वा' करत होते. पिझ्झा खालून करपलेला आणि वरून कच्चा होता... इतका आनंद मला त्याआधी कुठल्याच पदार्थानं दिला नव्हता.

वाइनचे दोन घोट मीही घेतले. कान तापले. ताटं उचलायला स्वयंपाकघरात गेले, तर चारू मागोमाग आली.

"अगं, मधूचं इंग्रजी कच्चं झालंय का?" ती म्हणाली. "मघाशी तुला काय सांगत होता... माहेरी पाठवतो, आईला सांगतो... तो माणूस तर कोटाची गुंडी तुटली म्हणत होता."

मी ताटं तशीच धरून उभी. दोन वर्षांतले सगळे सिनेमे डोळ्यांपुढून गेले. राबतेस, मला दिसतं... हा रंग तुला शोभतो... म्हणजे त्या गोऱ्या बायकांचं काही नव्हतंच त्यात. मी ज्यांच्यावर जळत होते ते सगळं बोलणं माझंच होतं, आणि शेजारी चारू बसल्यावर ह्यांना ते बोलायची चोरी झाली होती.

सांगलीत आल्यापासून मी शुद्ध बोलायची सवय लावून घेतली होती. त्या क्षणी ती कुठं गेली कोण जाणे.

"व्हय," मी म्हणाले. "पयल्यापासनं कच्चंच हाय त्यांचं."

महिन्यानं पुढचा सिनेमा आला, आषाढात. चारू पाचगणीला परत गेली होती. पडद्यावरची बाई एकटीच बटाटे सोलत बसली होती, तोंडातून शब्द नाही. मी ह्यांच्या कानाशी वाकले.

"ती म्हणतीया, आईंस्नी लौकर सांगा. पंचमी पंधरा दिसांवर आलीया."

हे खुर्चीतून पडायचेच बाकी होते. मग अंधारात माझा हात धरला.

त्या नागपंचमीला मी शिराळ्याला होते. पडद्यावरच्या कुठल्याच बाईचा मला पुन्हा हेवा वाटला नाही. चारूचा मात्र अजून वाटतो... ती ह्यांच्याशी उजेडात, चारचौघांसमोर बोलायची.