मोठे टायर आणि बायकोचा खडू

जीपला मोठे टायर घातले त्या दिवशी उचगावच्या दुकानातून घरी येईपर्यंत मी तीनदा खाली उतरून गाडी न्याहाळली. गाडी दोन बोटं वर उठली होती, मी चार बोटं. गल्लीच्या तोंडाशी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या चाकातून आवाज आला, खर्रर्र!

बायको दारातच होती. ती शाळेत शिकवते, शेवटच्या बाकावरची कुजबुजही तिला ऐकू येते.

"कशाचा हो आवाज?"

"नवीन रबर आहे. बसेल हळूहळू."

रबर काही बसलं नाही. आठ दिवस मी स्टिअरिंग अर्ध्यावरच वळवत गाडी चालवली. माघारी फिरायचं असलं की पार पुढच्या चौकापर्यंत जायचो आणि "जरा फेरी मारू" म्हणायचो. बायको खिडकीकडं तोंड करून हसायची.

रविवारी कोडोलीला सासुरवाडीला गेलो. गोठ्यासमोरच्या अंगणात स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवावंच लागलं. चाक असं खरडलं की म्हैस दावं तोडून उसात घुसली. सासरे बाहेर आले.

"पावणं, जीप आणलीसा का गिरण?"

"मामा, टायर जरा घासतोय."

"जरा? म्हस पार उसात गेली की!"

आधी म्हैस आणली. मग सासऱ्यांनी चाकाजवळ बसून वरचा पत्राच कापायचा निकाल दिला आणि कोयता आणायला वळलेसुद्धा. मी चाकाला पाठ लावून उभा राहिलो. "मामा, कुठं घासतंय ते तरी बघू!"

बायकोनं पर्समधून खडू काढला. चाकाच्या वर आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यावर आणि चाकामागं लोंबणाऱ्या रबरी मडफ्लॅपवर तिनं पांढरे पट्टे ओढले. "आता वळवा. पूर्ण. भिऊ नका."

दोन्ही बाजूंना वळवून उतरलो. दोनच जागी खडू पुसला होता: मडफ्लॅपच्या कडेला आणि अस्तराच्या मागच्या कोपऱ्यात. पत्र्याला टायर शिवलाही नव्हता. सासरे हिरमुसले.

मडफ्लॅप तिथंच सोडवले. अस्तराचा कोपरा सुरीनं थोडा थोडा कापला. दर कापाला सासरे "आणि जरा घ्या की" म्हणत होते. उजवीकडचा आवाज गेला. डावीकडं अगदी टोकाला बारीक कुरकुर राहिली, ती सोमवारी मेस्त्रीनं घालवली. चाक किती वळावं हे ठरवणारा एक बोल्ट असतो, तो त्यानं जरासा बाहेर काढला, म्हणजे चाक टोकाला थोडं कमी वळतं. तेव्हापासून गल्लीत वळताना गाडी एकदा मागं घ्यावी लागते, एवढंच.

सासऱ्यांना हे फोनवर पटेना. पुढच्या रविवारी ते स्वतः जीपमध्ये चढले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला अंगणात सहा फेऱ्या मारायला लावल्या.

"न्हाय," शेवटी जरा नाराजीनंच म्हणाले, "काय बी आवाज न्हाय."