चौथा प्रश्न

फॉर्मवरचा चौथा प्रश्न बदलायला होकार मीच दिला. बाकीचे चौघे तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात शेंगा खात बसले होते, त्यामुळे दोष वाटून घ्यायचीही सोय नाही.

आम्ही पाच जण धुळ्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. मागणी साधी होती. वयात येताना शरीरात काय होतं, मूल कसं होतं, कुठला आजार कसा लागतो, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत वर्गात उभं राहून शिकवा, आणि वर्षातून दोनदा डॉक्टरांना बोलावून मुलामुलींना त्यांच्याशी बोलू द्या. आमच्या वेळी पुस्तकात तो धडा आला की बाई म्हणायच्या, "सोपा आहे, घरी वाचा." घरी वाचायला बसलं की आई येऊन पुस्तक मिटायची. असे आम्ही वीस वर्षांचे झालो आणि मग एकदम शहाणे झालो. शिक्षण खात्याला निवेदन द्यायचं ठरलं. नुसतं निवेदन कोण वाचतं, म्हणून सोबत शाळाशाळांतल्या मुलींचे फॉर्म जोडायचे. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत मुलींशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण पाचांत अहिराणी धड मलाच येत होती. त्याचा मला केवढा तोरा!

मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी चहा पाजला, फॉर्म दोनदा वाचला आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, "पाळीच्या दिवसांत शाळेत काही त्रास होतो का?"

"बाकी सगळं उत्तम आहे, ताई. हा शब्द तेवढा काढा. उद्या पालक माझ्या दारात उभे राहतील."

"मग काय लिहू, सर?"

"अडचण लिहा. मुलींना बरोबर कळतं."

मला आधी रागच आला. ज्या शब्दासाठी भांडायला निघालो, तोच काढा म्हणे! पण नाही म्हटलं असतं तर एकही फॉर्म भरला गेला नसता. दगडापेक्षा वीट मऊ, असं मनाशी म्हटलं. आमच्या घरीही हाच शब्द होता. "मला अडचण आली, आज देवाचं तू कर," असं आई म्हणायची. मी बॉलपेन काढलं आणि प्रत्येक फॉर्मवर तो प्रश्न खोडून वर लिहिलं, "शाळेत काही अडचण येते का?"

मुली एकेक करून येत, तोंडाने सांगत, मी लिहून घेई. संडासात पाणी नाही. दाराला कडी नाही. पॅड टाकायला जागा नाही, म्हणून पिशवीत घालून वसतिगृहाच्या खोलीवर न्यावं लागतं. दोन तास मी अडचणीच लिहीत होते आणि लिहिता लिहिता मला हुरूपच येत होता. निवेदन किती वजनदार होणार याचा हुरूप.

शेवटी बारावीची एक मुलगी आली. उंच, दोन वेण्या, ओढणीला दोन्ही बाजूंनी पिना लावलेल्या. तिने मागे कोणी नाही ना हे बघून घेतलं.

"ताई, माले कधीच अडचण उनी नही."

"कधीच आली नाही? अरे वा! नशीबवान आहेस मग तू," मी म्हटलं आणि चौथ्या प्रश्नापुढे लिहिलं, "नाही."

ती जाईना. "कधीच नही, ताई," ती पुन्हा म्हणाली, या वेळी अगदी हळू.

"हो गं, लिहिलं ना."

बाहेरून मला हाका चालल्या होत्या, शेवटची एसटी निघायची होती. तिने वाकून कागदावरचं "नाही" वाचलं, मान हलवली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं काहीतरी होतं. ते मला दिसलं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

निवेदन दिलं. साहेबांसोबत फोटो काढला. चार महिन्यांनी शाळांमध्ये एक व्याख्यान झालं, नखं कापण्यावर आणि जेवणाआधी हात धुण्यावर. डोंगर पोखरून उंदीर निघाला, असं म्हणत आम्ही चहा प्यायलो आणि पुढच्या निवेदनाचा मसुदा करायला घेतला.

या गोष्टीला दोन वर्षं उलटून गेली. मी आता जळगावला समाजकार्य शिकते आणि आठवड्यातून दोन दिवस एका दवाखान्यात बायकांच्या विभागात बसते. केसपेपर कुठे काढायचा, सोनोग्राफी कुठे होते, ते सांगायचं. मागच्या हिवाळ्यात एक आई आणि मुलगी आल्या. मुलीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी तिला ओळखलं नाही. तिने मला ओळखलं, पण बोलली नाही.

तिला रावेरकडे दिली होती. नवरा केळीच्या गाड्या भरतो. दीड वर्षात दिवस राहिले नाहीत म्हणून सासरच्यांनी आधी उपास करायला लावले, मग अंगारा, मग कसल्यातरी मुळ्या, आणि शेवटी आईला फोन करून तुमची पोर घेऊन जा म्हणून सांगितलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला. मुलीच्या पोटात गर्भाशय जन्मापासूनच नव्हतं. पाळी तिला एकदाही आलेली नव्हती. पाचवीपासून ती शाळेच्या वसतिगृहात राहिलेली. आईला वाटलं, तिकडे येत असेल. शाळेला वाटलं, घरचे बघतील. आणि मुलीला, न येणं हे कोणाला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

"यावर औषध नव्हतंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण लग्नाआधी कळलं असतं, तर पोरीचे हे हाल झाले नसते. शाळेत कोणी कधी विचारलं नाही का?"

"इचारेल व्हतं ना," मुलगी म्हणाली. "ह्या ताईनी इचारेल व्हतं. मी सांगेल बी व्हतं."

तेव्हा मी तिला ओळखलं. त्या ओढणीच्या पिनांसकट सगळं आठवलं. मुख्याध्यापक म्हणाले तसं तिला बरोबर कळलं होतं. तिने अडचण म्हणजे पाळी असंच समजून, आयुष्यात पहिल्यांदा, धीर करून कोणालातरी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. आईच्या तोंडून तो शब्द ऐकत वाढलेल्या मला तो कळला नाही, आणि वर मी तिला नशीबवान म्हटलं. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

बाहेर बाकावर आई रडत होती. पाळी येत नाही हे लपवून पोर दिली, असा सासरच्यांचा आळ होता. "लपाडी ठेवं, म्हनतस. खोट माहीत व्हती, तरी दिधी, म्हनतस."

मुलगी रडत नव्हती. तिला मूल होणार नाही हे नुकतंच कळलं होतं, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिने माझा हात धरला. "ताई, मी लपाडं नही. मी त्यास्ले सांगं, शाळामा ताई उनी व्हती, तिना कागदवर लिखेल शे. त्या म्हनतस, दाखाड मंग कागद. तो कागद माले दी द्या ना."

देते म्हटलं. तिच्या आईचा नंबर घेतला आणि त्याच रविवारी धुळ्याला, आमच्या पाचांतल्या एका मैत्रिणीकडे गेले. फॉर्मच्या झेरॉक्स तिच्या माळ्यावर एका गोणीत होत्या. ती खाली बसून नवं निवेदन वाचून दाखवत होती. त्यातही आम्ही "मुलींच्या अडचणी" असंच लिहिलं होतं. मी तिच्या हातातून कागद ओढला आणि दिसेल तिथे अडचण खोडून पाळी लिहिलं.

"असं दिलं तर निवेदन परत येईल," ती म्हणाली.

"येऊ दे!" मी इतकी ओरडले की तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

फॉर्म सापडला. नाव, इयत्ता, गाव. चौथा प्रश्न खोडलेला, वर माझ्या अक्षरात "अडचण", पुढे "नाही". आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात, कोणी विचारलं नसताना, मीच लिहिलं होतं, "तब्येत उत्तम." सासरच्यांनी हा कागद वाचला असता तर मुलीनेच सगळं ठीक आहे असं लिहून दिलं, असा त्याचा अर्थ झाला असता.

मी त्या मुलीसोबत रावेरला जाऊ शकले असते. चार माणसांत उभं राहून, हिने सांगितलं होतं, मलाच कळलं नाही, एवढं बोलू शकले असते. गावोगाव मुलींना लाजू नका, बोला, म्हणून सांगत फिरणारी मी. मला ते जमलं नाही. कागद मांडीवर ठेवून मी फोन लावला आणि म्हटलं, फॉर्म ऑफिसात गेले होते गं, तिकडेच गहाळ झाले.



"ऱ्हाऊ द्या ताई," पलीकडून ती म्हणाली. "तुम्हले तं माहीत शे ना, मी सांगेल व्हतं."

"हो," मी म्हटलं.