हवालदारांची सोळा हजार पावलं

आकाराम हवालदार पलटणीतून पेन्शनीवर आले, ते थेट पारावर जाऊन बसले. गेल्या साली चक्कर येऊन त्यांनी बुलेट पाटात घातली. माणसं धावली, आधी बुलेट काढली, मग हवालदारांना. किल्ली लेकानं, जयराजनं, खिशात घातली.

जयराज कुपवाडच्या कारखान्यात मशिनी सांभाळायचा, बापाकडंही तो त्याच नजरेनं बघायचा. त्यानं बापाच्या मनगटावर घड्याळ चढवलं. पावलं, झोप, छातीचे ठोके, सगळं त्याच्या मोबाईलवर दिसणार. महिनाभर रोज आठ हजार पावलं भरायची, मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी होय म्हणायचं, मग किल्ली.

पहिल्या दिवशी पारापर्यंत जाऊन आले तरी आकडा सहाशे. हवालदारांनी पलटणीतली एक शिवी हासडली आणि आंघोळीला जाताना घड्याळ बायकोच्या, मनुबाईच्या हाताला अडकवलं. पंचा गुंडाळून बाहेर येतायत तर दोन हजार! ती भाकऱ्या थापत होती, आणि घड्याळ थापेगणिक पाऊल धरत होतं.

"ऱ्हाऊ दे तुज्याच हाताला," ते म्हणाले. "मला खाज सुटतीया."

मनुबाईनं ते बांगड्यांच्या मागं सारलं. धारा, शेण, वैरण, भांगलण, सगळं त्याच्यासकट. रात्रीही हाताला तेच. चार्जिंगचं तेवढं हवालदार जातीनं बघायचे. आकडा सोळा हजारांच्या खाली येईना. आकडा गावभर झाला. पारावरच्या सोबत्यानं, कृष्णातनं, त्यांच्या सत्काराची गोष्ट काढली, तर हे नको नको म्हणत नारळ कुठला आणायचा ते सांगून आले.

मिरजेला जाताना मनगट पुन्हा हवालदारांचं झालं. मनुबाईही बरोबर निघाली. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, बीपी बघितला, सगळं बरं होतं. मग जयराजचा मोबाईल बघता बघता त्यांचं बोट थांबलं. झोप चार तास. झोपेतही ठोके शंभराच्या वर. परवा दुपारी तर बसल्याजागी एकशे पन्नास. हे खरं असेल तर आजच दाखल व्हावं लागेल, त्या म्हणाल्या. पण नाडी तर शांत आहे, तेव्हा घड्याळच बिघडलं असेल.

जयराजनं हसत किल्ली काढून पुढं धरली.

हवालदारांचा हात किल्लीपाशी जाऊन अडला. परवा दुपारी मनुबाई गोठ्यात दावणीला टेकून बसली होती, आणि चहाला उशीर झाला म्हणून ते तिच्यावर खेकसले होते. आता ती बाकड्यावर पदरानं वारा घेत होती. वर पंखा फिरत होता.

"घड्याळ बेस हाय, बाई," ते म्हणाले. "हात तिचा हाय."

जयराजनं किल्ली परत खिशात टाकली. मनुबाईचं थायरॉईड बिघडलेलं निघालं. तिला आठ दिवस ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी हवालदार एसटीनं डबा घेऊन आले. त्यांनी स्वतः थापलेली भाकरी एका बाजूनं करपली होती, दुसऱ्या बाजूनं कच्ची. मनुबाईनं ती उलटीपालटी करून बघितली, मग त्यांचं मनगट ओढून आकडा बघितला.

"आवं, नऊशे? एवढ्यात माजा गोठाबी झाडून हुईत न्हाई."

मग तिनं करपलेली बाजू काढून टाकली आणि खायला सुरुवात केली.