मावशींचं पहिलं खोटं

मावशींचा आवाज दवाखान्याच्या पायरीवरून रस्त्यापलीकडच्या चहाटपरीपर्यंत जायचा. कुठं चालल्या म्हणून कुणी सहज विचारलं, की उत्तर ठरलेलं, "उदासीची बिमारी हाय मले, गटाले चालली!" मी मुद्दाम मागे रेंगाळायचो.

मारेगावात दर मंगळवारी मागच्या खोलीत आम्ही उदासीचे रोगी गोल करून बसायचो. समुपदेशक मॅडम आधी विचारायच्या, "आज घरी काय सांगून आलात?" कुणाचा बाजार, कुणाची बँक. माझे दात. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी तेवढ्या म्हणायच्या, "खरं सांगून आली." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, दात तरी किती हायेत तुमच्या तोंडात?"

सगळे हसायचे. मीही, तोंड मिटून.

कपाशीची ती वर्षं वाईट होती. माणूस जरा गप्प बसला, की घरचे फवारणीचं औषध लपवून ठेवत. मी पगारी कारकून. तरी सकाळी शर्ट चढवणं जड जायचं. एकदा गटात बोलून गेलो, "ज्यांचं पीक गेलं त्यांनी खचावं. मी कुठल्या तोंडानं?"

"मच्छर चावाच्या आधी पगार इचारते का, भाऊ?" मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, "मीबी सोताले आळशीच समजत होती. अर्धी बिमारी त्याचीच होती."

पुढे त्यांचं काम सुटलं. लेकीकडे वणीला जायला निघाल्या, तेव्हा स्टँडवर गाठ पडली. माझ्यासोबत बायको होती. आता सगळ्या स्टँडला कळणार म्हणून मला घाम फुटला.

"यांची ओळख कुठची?" बायकोनं विचारलं.

मावशींनी माझा चेहरा पाहिला. "दाताच्या दवाखान्यात भेटत होतो, बाई."

इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

गाडी गेली. स्वतःसाठी कधी खोटं न बोललेली बाई माझ्यासाठी बोलली होती. मी बाकावर बसलो. "दात नाहीत गं," म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

बायको म्हणाली, "आन् मी इतके महिने भात नरम शिजवून राह्यली!" आणि तोंडाला पदर लावून रडली.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी विचारलं, "घरी काय सांगून आलात?"

"खरं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक, की त्यांनी पुन्हा विचारलं. मावशींच्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी ठेवलेली होती.