बंद दारामागचा झाडू

मी एका बाईच्या घराला 'स्वच्छ' म्हटलं आणि तिचं उघडं दार घालवलं. मूर्खपणा, आणि तोही छापील.

तेव्हा मी पडेगावात भाड्यानं राहायचे. एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती, त्यामुळं अंगात आलं होतं. कथा शेजारणीवर. ती नर्स, बौद्ध; आम्ही फुलंब्रीकडचे जमीनवाले. ती घरी असली की दार सताड उघडं. मी हाक न मारता आत शिरायचे. ती लसूण सोलत बसलेली, सालं पंख्यानं घरभर. "ये गं, बस सालांवर," म्हणायची.

आणि या शहाणीनं कथेत काय लिहावं? 'तिचं घर कसं स्वच्छ होतं, आरशासारखं.' सालं गाळली. वर स्वतःचीच पाठ थोपटली: बघा, किती मोठं मन आमचं!

कथा मीच तिला वाचून दाखवली. त्या वाक्यावर मुद्दाम थांबले, ती खूष होईल म्हणून.

"तुझ्या सासूचं घरबी हाय ना यात? ते कसं हाय?" तिनं विचारलं.

"मोठं. लिहिलंय की, मोठं घर."

"हां," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

सासूबाईंच्या डाळीत किडे वळवळायचे. पण त्यांचं घर स्वच्छ की घाण, हे लिहावं असं मला सुचलंच नाही. जे धरूनच चालतो ते कोण लिहितं? नवल वाटलं तेच आपण लिहितो. मला कशाचं नवल वाटलं होतं, हे तिला एका वाक्यात कळलं. मला कळायला केस पिकावे लागले. नात विचारते, "आजी, लेखकाच्या शब्दांवरून त्याचं मन कळतं का गं?" मी म्हणते, "कळतं की! त्याला सोडून सगळ्यांना."

आता तिथं अपार्टमेंट झालंय. ती कुठं गेली, ठाऊक नाही. पण कागदावर कुणाचं घर उभं करायला बसले, की शेजारच्या खोलीत झाडू फिरायला लागतो. उठून बघते. कुणीच झाडत नसतं.

त्या वाचनानंतर मी पुन्हा गेले, तर दार आतून बंद. कडी वाजवली. आत झाडूचा आवाज, घाईघाईचा.

"अगं, मीच आहे!" मी ओरडले.

दारामागून ती म्हणाली, "थांबा, जरा झाडून घेऊ द्या. तुम्ही लिहिता ना."