बाहेरचे चार टायर

माझा ट्रक दहाचाकी आहे. पुढे दोन चाकं, मागे आठ. मागची आठ जोडीजोडीनं असतात, एक बाहेर, एक आत. बाहेरचा टायर सगळ्या जगाला दिसतो. आतल्याकडे कोणी बघत नाही, कुत्रंसुद्धा बाहेरच्यावरच पाय वर करतं.

मागच्या सोयाबीनच्या हंगामात माझे बाहेरचे चारही टायर मधोमध गुळगुळीत झाले. कडेची नक्षी शाबूत, मध्ये टक्कल. आतल्या चारांचं उलटं: कडा खाल्लेल्या आणि मधली नक्षी जशीच्या तशी. आठही नवे टाकले. चार महिन्यांत पुन्हा तेच!

माझा राग मोठा आहे, लपवत नाही. आधी टायरवाल्याला शिव्या घातल्या. मग रस्त्याला, मग माल एका अंगाला रचणाऱ्या हमालांना. शेवटी कामरगावच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्या चाचाला धरलं. चाचा म्हातारा माणूस, वादात पडत नाही, म्हणून त्याच्यावर माझा जोर जास्त.

हवा मी कधी मीटरनं मोजली नाही. चाकाचे नट खोलायचा लोखंडी दांडा असतो, त्याला आम्ही टॉमी म्हणतो. ती टायरवर हाणायची आणि कान द्यायचा. हवा बरोबर असेल तर टण्ण, कमी असेल तर बद्द. माझ्या उस्तादानं शिकवलेलं. तीस वर्षं असंच केलं आणि कधी चुकलो नाही. मीटर लावणाऱ्या पोरांना मी हसायचो.

त्या वर्षी मात्र जिथे थांबलो तिथे बाहेरचा टायर बद्द वाजायचा. मग भर हवा. आतलाही बद्दच वाजायचा, पण आतला आडोशाला असतो, त्याचा आवाज दबतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिवाय त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात घालायचा म्हणजे कोपर सोलून निघतं. असेल बरोबर, म्हणून सोडून द्यायचो.

घरीही डोक्याला ताप होता. बायको ओरडायला लागली होती. "अवो, जेवाले याऽऽ!" असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढं. साधं पाणी पाहिजे का विचारायचं तरी तोच सूर. शेजारच्या बाया हसायच्या. मी एकदा चारचौघांत बोललो, "लय भांडखोर झाली तू." त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, करू दे नखरे.

मग एका सकाळी तूर घेऊन निघालो. बायकोला किन्हीराजाला बहिणीकडे जायचं होतं, माल तिकडचाच होता, म्हणून तिला केबिनमध्ये बसवलं. फाट्यावर थांबलो, टॉमी घेतली, बाहेरच्या टायरवर हाणली. बद्द.

"चाचा! परवाच हवा भरली नं तुमी? गेली पुन्हा! काम करता का खेळ करता?"

चाचा हात पुसत आला. मीटर लावलं, काटा मला दाखवला. "भाऊ, हवा गेली नाई. पाह्यजे त्याच्याहून वीस-पंचवीस जास्तच हाय. फुटल एखांद्या दिवशी."

मग त्यानं एक सरळ फळी आणली आणि जोडीच्या दोन्ही टायरवर आडवी ठेवली. बाहेरच्यावर फळी टेकली. आतल्याच्या वर दोन बोटं फट राहिली.

"हे पाह्य. बाहेरचा फुगून उंच झाला, सारं वजन त्याच्यावर. आतल्यात हवाच नाई, तो निस्ता घासत चालला. जोडीतला एक ढिला पडला का दुसरा मरते, भाऊ."

"मीटर खराब हाय तुमचं," मी म्हणालो आणि पुन्हा जोरात टॉमी हाणली. "आयका! बद्द वाजून राह्यलं का नाई?"

केबिनच्या खिडकीतून बायको ओरडली, "अवो, टणटण वाजून राह्यलं नं! मले येथूनच आयकू येते!"

"तुले काय समजते टायरमधलं?"

ती खाली उतरली. माझ्यामागे येऊन उभी राहिली. "तोंड फिरवा तिकडं." मी कधी कोणाचं ऐकत नाही, पण तिचा चेहरा बघून फिरवलं. थोड्या वेळानं तिनं मोठ्यानं विचारलं, "आला आवाज?"

"कायचा आवाज?"

मी वळलो. तिचा हात माझ्या उजव्या कानाजवळ होता, आणि ती हातातल्या सगळ्या बांगड्या खळाखळा हलवत होती. चाचानं मान खाली घातली.

बाप्पा रे! आठ दिवसांआधी धनजजवळ एक मोटारसायकलवाला पुढे येऊन माझ्यावर धावून आला होता. म्हणे कधीपासून हॉर्न देतोय. मी त्यालाच झापलं होतं. त्याच्यामागे त्याची लेकरू घेतलेली बायको बसली होती. ते आठवलं आणि टॉमी खाली ठेवली.

माल दुसऱ्या ड्रायव्हरकडून पोचवला. त्यानंच ट्रक दारात आणून उभा केला आणि मी चावी बायकोच्या हातात दिली. वाशीमला कान दाखवायला जायचं होतं, पण मी आज-उद्या करत राहिलो. ट्रक सोडून मला दुसरं काही येत नाही. शेत भाऊ बघतो, मला बैलांमागे डवरा सरळ धरता येत नाही. डॉक्टर म्हणाला की आता गाडी बंद, तर पन्नाशीत मी काय करू, ओट्यावर बसून माशा मारू? बायकोपुढे रडलोसुद्धा. ती म्हणाली, "पह्यले दाखवा तं खरं. मंग रडू दोघं."

डॉक्टरीणबाईनं दोन्ही कान तपासले. वर्षानुवर्षं उघड्या खिडकीचा वारा आणि हॉर्न, उजवा कान जास्त गेलेला. बारीक, टणक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात, असं तिनं समजावलं. म्हणून मला सगळे टायर बद्द वाजायचे! कानात ऐकू यायचं मशीन लावून पुन्हा तपासणी झाली, कागद झाले. गाडी चालवता येईल, पण मशीन कानात असेल तेव्हाच, असं तिनं बजावून सांगितलं. मी म्हणालो, "बाई, आंघोळ चुकल, हे चुकणार नाई."

चावी परत मिळाली तसा पहिल्यांदा फाट्यावर गेलो. बायको सोबत होतीच. चाचाला म्हणालो, "चुकलं माझं." तो म्हणाला, "चाय घे." मग आम्ही दोघांनी आठही टायर मीटरनं सारखे केले. आतल्यांसाठी मी स्वतः हात घातला, कोपर सोललं. चाचानं फळी ठेवली, दोन्हीवर टेकली. मग मी टॉमी घेतली आणि एकेका चाकावर हाणत गेलो. टण्ण. टण्ण. आतलेसुद्धा! डोळ्यांत पाणी आलं, तर चाचा म्हणतो, "हवा लागली काय भाऊ डोयाले?"

केबिनमध्ये चढलो. बायको माझ्या कानाकडे वाकून नेहमीसारखी ओरडली, "निंघायचं काऽऽ?"

"हळू बोल," मी म्हणालो. "आयकू येते आता."

ती सरळ बसली. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. मी चावी फिरवली नव्हती अजून. मग ती इतक्या हळू बोलली की आधी ती असं बोलायची हेही मी विसरलो होतो.

"माया घसा लय दुखे जी," ती म्हणाली.

मला ऐकू आलं.