सूपभर ज्वारीची लेक

राणीला कडूबाईंनी विकत घेतलं तेव्हा ती पाच दिवसांची होती. किंमत ठरली सूपभर ज्वारी.

हे ऐकून बाहेरचा माणूस दचकतो. आमच्या गल्लीत कुणी दचकलं नव्हतं. राणीची आई राजेश्री माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिची आधीची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली. तिसऱ्या वेळी तिच्या सासूनं पाचवीच्या दिवशीच बाळ सुपात घातलं आणि कडूबाईंच्या उंबऱ्यात नेऊन ठेवलं. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत त्या घरचं हे लेकरू नाहीच, असं सटवाईला वाटावं, म्हणून ते लेकरं जगलेल्या घरात विकायचं. कडूबाईंचे तिन्ही मुलगे जगले, वाढले आणि पोटापाण्यासाठी लांब गेले. शिवाय त्यांचं नावच कडू. त्यांच्या आधीची भावंडं दगावली होती, म्हणून पेडगावच्या त्यांच्या आईबापांनी मुद्दामच हे नाव ठेवलं. मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावी म्हणून. त्या साठीच्या पुढं सुखरूप आल्यात, हा आमच्या गल्लीत पुरावाच समजला जातो.

त्या दिवशी त्यांनी सुपातलं बाळ उचललं, रिकाम्या सुपात ज्वारी ओतली आणि म्हणाल्या, "आजपासून ही माझी. राजेश्री, तू निस्ती सांभाळ."

मी शिकलेली, वनस्पतीशास्त्राची पदवी घेतलेली. तिथं उभी राहून मनात थोडं हसलेही. पण पुढचा महिनाभर रोज सकाळी जाग आली की आधी भिंतीकडं कान जायचा. पलीकडून रडणं ऐकू आलं की मग मी चहा ठेवायची.

राणी पाच वर्षांची झाली. जन्म दिलेलीला ती मम्मी म्हणते आणि विकत घेतलेलीला माय.

कडूबाई भाकरी विकतात. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दारातून थापण्याचा आवाज येतो आणि भाड्यानं राहणारी पोरं, बँकेतली माणसं डबे घेऊन उभी असतात. एरवी ही बाई कशाला भीत नाही. गल्लीत साप निघाला तेव्हा पुरुष माणसं सर्पमित्राचा नंबर शोधत होती आणि ह्या हातात उलथणं घेऊन "कुठंय मुडदा?" म्हणत सगळ्यांच्या पुढं. पण राणीचा विषय आला की वेगळीच बाई. कुणी म्हणालं, "किती गोड पोर आहे," की ह्या लगेच, "कशाची गोड बाई, काळीढुस्स हाय, नाक बघा कसं गळायलंय." आणि ते माणूस वळलं की पोरीच्या कानामागं काजळाचा ठिपका. राणीला साधं सर्दी-पडसं झालं तरी त्यांच्या भाकरी करपतात.

त्यात राणीच्या वडिलांना, शिवप्रसादला, संभाजीनगरच्या एका कंपनीत काम लागलं. परवा तो आणि राजेश्री तिथं खोली बघायला पहाटेच्या गाडीनं गेले आणि राणीला दिवसभरासाठी कडूबाईंकडं ठेवलं.

सकाळी आम्ही बायका कडूबाईंच्या दारात उभ्या होतो. राणी कट्ट्यावर उड्या मारत होती. "आमी संभाजीनगरला जानार! तिथं लिफ्ट हाय!"

कडूबाईंनी परातीतून मान वर केली नाही. पीठ मळता मळता म्हणाल्या, "जा की. पर आधी माझी सूपभर ज्वारी आनून टाक. फुकट न्हाई घेतली तुला."

समोरच्या मालनबाईंना तेवढंच पाहिजे होतं. "आन पाच वर्षाचं याज कोन देनार गं? पोत्यानं लागंल!"

आम्ही सगळ्या हसलो. राणी उड्या मारायची थांबली. "खरंच माय?"

"खरंच तर काय. ज्वारी दिल्याबिगर हालायचं न्हाई." कडूबाई हसल्या नव्हत्या. पोर जाणार हे त्यांच्या घशात अडकलं होतं, आणि ते असं बाहेर पडलं. मला कळलं होतं. पाच वर्षांच्या पोरीला कसं कळणार?

दुपारी नळ आला.

आमच्याकडं नळ रोज येत नाही. येतो तेव्हा गल्लीला सण असतो आणि लढाईही. "नळ आलाऽऽ" अशी आरोळी उठते, मोटारी सुरू होतात, अंगणातल्या हौदांची झाकणं उघडतात. जमिनीतले हौद, माणूस उभा बुडेल एवढे खोल. म्हणून नळाच्या दिवशी बारकी लेकरं कडूबाईंच्या घरात बसवायची पद्धत आहे. त्यांच्याकडं हौद नाही, नुसते ड्रम आहेत. दाराला आडवी बाज लावून त्या लेकरांवर नजर ठेवतात.

त्या दिवशी लेकरू एकटं राणीच होतं. ड्रमात लावलेली नळी निसटली, अंगणभर पाणी झालं, कडूबाई ती बसवायला मागं गेल्या. परत आल्या तर बाज तशीच आडवी, पण आत कुणी नाही.

त्या माझ्या दारात आल्या तेव्हा मी हौदाशीच वाकले होते. "वैनी, राणी तुमच्याकडं आली का?"

"नाही हो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या पायाशी, उघड्या हौदाकडं. मीही बघितलं. पाणी धबधब पडत होतं, फेस आला होता, तळ दिसत नव्हता. मघाशी मी फडकं आणायला आत गेले होते, झाकण तसंच टाकून. किती वेळ लागला असेल? लागला असेल तेवढा वेळ.

मी पोटावर पालथी झाले आणि खांद्यापर्यंत हात घातला. हाताला पाणीच लागलं. मग काठी घातली. काठी फरशीवर टक्‌टक्‌ वाजली, चारी कोपऱ्यांत. काही नव्हतं. तरी मला खात्री वाटेना, पुन्हा घातली.

तोवर गल्ली गोळा झाली होती. कडूबाई दारोदार जात होत्या, पण कुणाच्याही हौदात स्वतः बघत नव्हत्या. अंगणात शिरायच्या, पाठ करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बघा. तुमी बघा." आतून "न्हाई" असं आलं की पुढच्या घरी.

मालनबाईंचा हौद सगळ्यांत खोल. त्याचं पत्र्याचं झाकण अर्धं सरकलेलं होतं. मालनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मी झाकला होता. आईच्यान झाकला होता."

त्यांचा मुलगा योगीराज जेवणाला घरी आला होता. त्यानं शर्ट काढला. कुणीतरी ओरडलं, "आधी मोटार बंद करा, करंट उतरंल!" मोटार बंद झाली. योगीराज आत उतरला. पाणी त्याच्या गळ्याला आलं. पायानं चाचपत तो एका कोपऱ्याकडं गेला आणि थांबला.

"कायतरी लागलं पायाला."

कडूबाई आमच्याकडं पाठ करून उभ्या होत्या. त्या जागीच खाली बसल्या, हातानं जमीन धरून.

योगीराजनं बुडी मारली. वर आला तेव्हा त्याच्या हातात तांब्या होता, शेवाळलेला.

"अगं बया, माझा तांब्या! दिवाळीपासून शोधायले—" मालनबाई बोलून गेल्या आणि त्यांनीच स्वतःच्या तोंडावर पदर दाबला.

कडूबाई उठल्या. "बांबू आनते," म्हणत स्वतःच्या घरात गेल्या. मागोमाग मी. अंगणातला सगळा ओलावा त्यांच्या लुगड्याला लागला होता, चालताना पाय अडखळत होते. आत भिंतीला बांबू टेकवलेला होता. पण त्या बांबूकडं जाता जाता मध्येच थांबल्या. ज्या खिळ्याला सूप टांगलेलं असतं, तो खिळा मोकळा होता.

"वैनी, सूप कुठाय?"

मी इकडंतिकडं बघायला लागले. त्या बघत नव्हत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, "माझी ज्वारी आनायला गेली. मीच सांगितलं तिला." आणि अनवाणीच धावत सुटल्या.

राणीला ज्वारी मिळण्याची एकच जागा माहीत होती. कडूबाईंबरोबर दळणाला जाते ती वैजीनाथची गिरणी. गल्ली संपून मोठा रस्ता लागतो, त्याच्या पलीकडं. ट्रक जातात, काळीपिवळ्या जीपा जातात. मी कडूबाईंच्या मागं पळताना रस्त्यावर आधी डांबराकडं बघितलं.

रस्ता मोकळा होता. गिरणीचं शटर खाली होतं, कुलूप लावलेलं. वैजीनाथच्या घरीही त्या दिवशी नळ आला होता ना! गिरणी बंद करून तो पाणी भरायला गेला होता.

कडूबाईंनी शटरवर दोन्ही हात आपटले. "राणे! ए राणे! माय आली गं!"

आतून आवाज नाही.

"आत नसेल हो," मी म्हणाले. आणि माझ्याच मनात आलं की आत नसली तर मग कुठं?

कुणीतरी वैजीनाथला बोलवायला गेलं आणि येता येता त्याला ज्वारीचं सगळं सांगितलं. तो ओल्या लुंगीवर धावत आला, किल्ली कुलपात शिरेना, कडूबाईंनी त्याचा हात धरून ती आत ढकलली. शटर वर गेलं. आत अंधार, पिठाचा वास, जात्याच्या मोठ्या चाकावरचा पट्टा. कडूबाईंनी आधी त्या पट्ट्याखाली बघितलं.

राणी पोत्यांच्या मागं होती; शटर ओढताना वैजीनाथला ती दिसलीच नव्हती. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी. डोळे तेवढे काळे. मांडीवर सूप. त्यात खाली सांडलेलं झाडून गोळा केलेलं धान्य. ज्वारी, थोडे गहू, खडे, कचरा. सूप अर्धंही भरलेलं नव्हतं.

"आवाज का न्हाई दिलास गं?" वैजीनाथ जवळजवळ रडत म्हणाला.

"वैजूकाका, तुमी म्हनला आसता चोरी करायली."

"आन मायच्या घरात डबाभर ज्वारी हाय की! तिथली घ्यायची!"

राणीनं त्याच्याकडं असं बघितलं की याला एवढंही कळत नाही. "तिची ज्वारी तिलाच कशी देयाची?"

मग उठली आणि सूप दोन्ही हातांनी कडूबाईंपुढं धरलं. "घे माय. भरत न्हाई आलं. पर घे. मला मम्मीसंगं जायचंय."

कडूबाईंनी पोरीला उचलून छातीशी धरायला हात पुढं केले होते. ते हात मागं गेले. पाठीमागं घट्ट धरले त्यांनी. मघाशी हौदापाशी बसल्या तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"घे ना!" राणी रडायला लागली. सूप हलत होतं, दाणे सांडत होते.

मी पुढं होऊन सूप घ्यावं, एवढं साधं काम. माझाही हात पुढं गेला नाही. ज्वारी परत घेतली की सौदा मोडला. सौदा मोडला की पोर पुन्हा त्या घरची, जिथली दोन गेली. असलं काही नसतं, हे मी कुणालाही नीट समजावून सांगू शकते. तिथं नाही सांगता आलं.

कडूबाई ओठ ओले करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ही ज्वारी कुनाची हाय?"

"तुझी."

"माझी न्हाई. वैजूकाकाच्या गिरनीतली, म्हनजे त्याची. दुसऱ्याच्या ज्वारीनं सौदा मोडत न्हाई, बाळ. दे त्याची त्याला."

राणीनं विचार केला. आपणच मघाशी सांगितलेला हिशेब होता, नाकारता येईना. तिनं सूप वैजीनाथपुढं केलं. तोही एक पाऊल मागं सरकला. "ओत तिथं कोपऱ्यात," म्हणाला, "चिमन्यांना व्हईल."

दाणे ओतून सूप रिकामं झालं, तेव्हा कुठं कडूबाईंनी तिला उचललं. इतकं आवळलं की पोर "माय, दुखायलंय" म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी चूल पेटवली नाही. डबेवाली पोरं परत गेली. आम्हाला बजावलं होतं, "राजेश्रीला मी सांगन. तुमी कुनी मधी पडू नका." उंबऱ्यातच बसून होत्या, पोर मांडीवर झोपलेली, एक हात तिच्या नाकापाशी, श्वास बघत.

रिक्षातून राजेश्री आणि शिवप्रसाद उतरले. कडूबाईंनी काही राखून ठेवलं नाही. सकाळचा टोमणा, निसटलेली नळी, हौद, योगीराजच्या पायाला लागलेला तांब्या, शटर, पोत्यामागचं पीठ, सगळं सांगितलं. सांगताना राजेश्रीकडं बघत नव्हत्या. मी माझ्या दारात, चौकट धरून. आता ही किंचाळणार, पोर हिसकावून घेणार, आणि मग ही म्हातारी उभ्या जागी संपणार, असं वाटत होतं.

शिवप्रसाद बोलायला लागला, "मावशी, आवो पन जरा ध्यान—"

"तुमी थांबा." राजेश्रीनं त्याला गप्प केलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मावशी, ज्वारी हातात घेतली का तुमी?"

"न्हाई."

"एक दाना बी?"

"शिवले बी न्हाई, पोरी."

राजेश्री खांद्यावरच्या पिशवीसकट पायरीवर बसली. बराच वेळ झोपलेल्या राणीच्या पायाकडं बघत राहिली. पायाला अजून पीठ होतं. हात लावला नाही तिनं.

"खोली बघितली," ती म्हणाली. "चांगली हाय. नळ रोज येतो म्हनं. पर तिथं आपलं कुनीच न्हाई, मावशी. कुनी इचारलं, पोरगी कुनाची, तर काय सांगू?"

कडूबाईंनी पदर पुढं ओढून पोरीचे पाय झाकले.

"माझी सांग," त्या म्हणाल्या. "कुनी कितीदा बी इचारू दे, तोंडातून दुसरं नाव काढू नगंस. पेडगावच्या कडूची सांग."